पावती घराची की पेढीची?

दुकानात माल भरताना आपल्या समाजातील व्यापारी चार प्रश्न विचारल्यावाचून राहत नाही : माल किती लागेल, त्यावर चालू खर्च किती पडेल, रक्कम कशी फेडायची आणि पावती पक्की आहे की नाही. तोच गृहस्थ घरासाठी फ्रिज, एसी किंवा वॉशिंग मशीन घ्यावयास पिंपरी कॅम्पात अथवा चाकणला गेला, की हे चारही प्रश्न शोरूमच्या पायरीवर ठेवून आत शिरतो. लग्नसराईत आणि दिवाळीच्या तोंडावर तर हे हमखास घडते. म्हणून या वेळी तेच प्रश्न आपण घरच्या खरेदीला लावून पाहू.

पहिला प्रश्न गरजेचा. ज्या घरात रात्रीचे शिजवलेले अन्न दुसऱ्या दिवशी न खाण्याचा नियम पाळला जातो, कंदमुळे येत नाहीत आणि चातुर्मासात पालेभाजीही वर्ज्य असते, त्या घराच्या फ्रिजमध्ये दूध, फळे आणि थोडी भाजी यांपलीकडे असते तरी काय? तरीही चौघांच्या कुटुंबात पाचशे लिटरचा दुहेरी दारांचा फ्रिज येतो, कारण शेजारी तसा आहे. परिग्रह-परिमाण हे श्रावकाचे पाचवे अणुव्रत केवळ सोन्या-जमिनीपुरते नाही. ते फ्रिजच्या लिटरांनाही लागू पडते.

पाण्याच्या यंत्राचेही तसेच. पिंपरी-चिंचवड महापालिकेचे पाणी मुख्यतः पवना नदीतून, रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलले जाते आणि नोव्हेंबर २०१९ पासून ते शहराला दिवसाआड मिळते आहे. अशा शहरात आरओ यंत्र बसवण्यापूर्वी पाण्याचा टीडीएस मोजून घ्यावा. येथे टीडीएस म्हणजे करकपात नव्हे, तर पाण्यात विरघळलेले क्षार. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्यांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे. नळाचे पाणी त्याच्या पुष्कळ खाली असेल, तर यूव्ही यंत्र बहुधा पुरते. आरओ यंत्र पाणी शुद्ध करताना पाण्याचा मोठा भाग मोरीत सोडते. पाण्याच्या थेंबातही जीव मानणाऱ्या घराने हा विचार आधी करावा. टँकर किंवा बोअरवेलवर अवलंबून असलेल्या सोसायट्यांची गोष्ट निराळी. तेथील जड पाण्याने गीझर आणि वॉशिंग मशीन यांच्या हीटरवर क्षार साचतात, म्हणून तेथे पाणी तपासल्याशिवाय यंत्र निवडूच नये.

दुसरा प्रश्न चालू खर्चाचा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या लेबलवर तारे असतात, तसा वार्षिक युनिटांचा आकडाही असतो. तारे सर्वजण पाहतात, आकडा थोडेच वाचतात. एसीच्या लेबलवरील आकडा वर्षाला १६०० तासांचा वापर गृहीत धरून काढलेला असतो. समजा, तीन तारे आणि पाच तारे यांच्या आकड्यांत २०० युनिटांचा फरक आहे, युनिटचा दर १२ रुपये धरला आणि किमतीत ८,००० रुपयांचे अंतर आहे. पूर्ण १६०० तास वापर असेल, तर वर्षाला २,४०० रुपये वाचतात आणि अधिकची किंमत साडेतीन वर्षांच्या आत वसूल होते. पण पाहुण्यांच्या खोलीतला एसी वर्षात ४०० तासच चालत असेल, तर बचत ६०० रुपयांची. वसुलीला तेरा वर्षांहून अधिक लागतील. फ्रिज मात्र चोवीस तास, बारा महिने चालतो, म्हणून जादा तारे घ्यायचेच तर आधी फ्रिजला घ्यावेत. लेबलवरील वर्षही वाचावे. १ जुलै २०२२ पासून एसीचे निकष कडक झाले, तेव्हा आदल्या दिवशीचे पाच तारे चारवर आले होते.

तिसरा प्रश्न फेडीचा. 'बिनव्याजी हप्ता' ही पाटी वाचून व्यापाऱ्याने तरी फसू नये. शून्य टक्के व्याज ही संकल्पना प्रत्यक्षात अस्तित्वात नाही, त्यातील व्याज प्रक्रिया शुल्कात किंवा किमतीत लपवले जाते, अशी भूमिका रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच घेतली होती. हिशेब सोपा आहे. ४५,००० रुपयांचे यंत्र रोखीने ४२,००० रुपयांना मिळत असेल आणि आपण ३,७५० रुपयांचे बारा हप्ते स्वीकारले, तर सोडून दिलेली ३,००० रुपयांची सवलत हेच आपले व्याज होय. त्याचा वार्षिक दर सुमारे १३ टक्के पडतो. प्रक्रिया शुल्क त्यावर वेगळे. हप्ता घेणे वाईट नाही, मात्र 'रोखीने काय भाव?' हे विचारल्याशिवाय सही करू नये. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जासाठी मुख्य तथ्य विवरणपत्र देणे बंधनकारक झाले आहे. त्यातील वार्षिक दराची ओळ आधी वाचावी.

चौथा प्रश्न पावतीचा. आपल्या घरांत चुकते ते बहुतेक इथेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी, ३२ इंचांहून मोठे टीव्ही आणि डिशवॉशर यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. फ्रिज आणि वॉशिंग मशीन यांवर तो जुलै २०१८ पासूनच १८ टक्के आहे, म्हणून 'जीएसटीमुळे फ्रिज स्वस्त झाला' असे आता कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. ४५,००० रुपयांच्या एसीमध्ये कराचा भाग ६,८६४ रुपये होतो. विक्रेता सहज सुचवतो, "शेठ, पेढीचा जीएसटी नंबर द्या, एवढे क्रेडिट मिळून जाईल." एसी पेढीतच बसणार असेल, तर ते योग्य आहे. तो घराच्या शयनगृहात बसणार असेल, तर केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १७(५) अन्वये वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूंवर हे क्रेडिट मिळत नाही. घेतले, तर तपासणीत ते व्याजासह परत करावे लागते आणि दंडाची टांगती तलवार वेगळी.

याहून कमी लक्षात येणारा तोटा पुढे आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणारा सामान्यतः 'ग्राहक' ठरत नाही. यंत्र सदोष निघाले आणि आपण जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो, तर पेढीच्या नावाची पावती दाखवून समोरच्या वकिलाच्या हाती पहिला आक्षेप आपणच देतो. अनेक कंपन्यांची हमीही घरगुती वापरापुरतीच असते. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या यंत्राला तर दाद मागायला जागाच उरत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी तत्त्वार्थसूत्राने अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत 'विरुद्धराज्यातिक्रम' गणला आहे. राज्याचा कर चुकवणे त्यातच येते, असे परंपरा मानते. मंदिरात बोली लावणाऱ्या हाताने ६,८६४ रुपयांसाठी हे करावे का, हे ज्याने त्याने ठरवावे.

हमीविषयीही दोन शब्द. 'दहा वर्षांची हमी' बहुधा फक्त कॉम्प्रेसरची असते. गॅस, मजुरी आणि इतर भाग त्यात नसतात. शिवाय हमी कंपनीइतकीच टिकते. घरोघरी पोहोचलेली आपल्या मराठवाड्यातील व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, हे फार जुने नाही. एलजी, व्हर्लपूल, हायर यांचे कारखाने आपल्या जिल्ह्यात रांजणगावला आहेत, पण कारखान्याच्या जवळिकीने दुरुस्ती लवकर होत नाही. आपल्या पत्त्यावर सेवा केंद्राचा माणूस किती दिवसांत येतो, हे त्या परिसरातील दोन घरी विचारून घ्यावे.

घरातील मोठ्या यंत्रांसाठी एक स्वतंत्र फाईल करावी. प्रत्येक यंत्राची घरमालकाच्या किंवा गृहिणीच्या नावाची पक्की पावती, हमीपत्र, बसवल्याची तारीख आणि लेबलचे छायाचित्र तीत ठेवावे. छपाई पुसट होत जाते, म्हणून पावतीची झेरॉक्स त्याच दिवशी काढावी. तक्रार उद्भवल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर नोंद करता येते, आणि ग्राहक आयोगाकडील तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करण्याची सोय कायद्याने दिली आहे. मात्र दोन्ही ठिकाणी पहिला कागद मागतात तो पावतीचाच.