विरोध बदलाला की वचनभंगाला?

कारखान्यात नवी पद्धत आली आणि कामगार अडून बसले, की 'कामगार हा जात्याच बदलाचा वैरी' असा निवाडा देऊन व्यवस्थापनशास्त्राचे पंडित मोकळे होतात. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, ऑस्टिन या गावी, हॉर्मेल कंपनीच्या मांसप्रक्रिया कारखान्यात १९८५-८६ साली जे घडले ते पाहिले असता हा निवाडा टिकत नाही.

या कारखान्यात १९३३ साली कामगारांनी ठिय्या देऊन संप केला होता. त्यातून धडा घेऊन मालक जे हॉर्मेल यांनी वर्षभराच्या वेतनाची हमी देणारी पद्धत रूढ केली आणि पुढे अर्धशतक तेथे संप झाला नाही. जुन्या इमारतीच्या जागी नवा यांत्रिक कारखाना उभारण्याचे ठरले, तेव्हा १९७८ च्या करारात कामगारांनी प्रोत्साहन वेतनावर पाणी सोडले आणि ठरावीक काळ संप न करण्याचेही मान्य केले. नवा कारखाना १९८२ मध्ये सुरू झाला. म्हणजे बदल कामगारांनी नाकारला तर नव्हताच. उलट त्याची किंमत त्यांनी आगाऊ मोजली होती.

ऑक्टोबर १९८४ मध्ये मात्र कंपनीने तासाचे वेतन १०.६९ डॉलरांवरून ८.२५ डॉलरांवर आणले. कंपनीची बाजू अगदीच पोकळ होती असे नव्हे. कमी वेतनावर काम करवून घेणारे प्रतिस्पर्धी बाजारात उतरले होते. विल्सन फूड्सने तर १९८३ साली दिवाळखोरीचा आश्रय घेऊन वेतनकरार मोडीत काढले होते. परंतु हॉर्मेल नफ्यात होती. शिवाय नव्या कारखान्यात कामाची गती वाढली होती. हाती धारदार सुरी, समोर सरकता पट्टा आणि दिवसभर तोच तो काप. अशा कामात होणाऱ्या दुखापती हे कामगारांचे मोठे गाऱ्हाणे होते. कष्ट वाढले आणि मोबदला घटला, हा हिशेब कोणाला पटणार?

१७ ऑगस्ट १९८५ रोजी सुमारे दीड हजार कामगार संपावर गेले. जानेवारी १९८६ मध्ये कंपनीने नवे कामगार भरण्यास प्रारंभ केला, राज्यपालांनी नॅशनल गार्डचे सैनिक धाडले आणि पुढे राष्ट्रीय संघटनेनेही स्थानिक शाखेचा पाठिंबा काढून घेतला. संप मोडला. अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. कारखाना चालू राहिला. अर्धशतकात साठलेला विश्वास मात्र गेला.

वेतन कमी करणे अपरिहार्यच असेल, तर हिशेबाच्या वह्या कामगारांपुढे उघड्या कराव्यात, कपातीची झळ वरच्या खुर्च्यांनाही लागू द्यावी आणि पूर्वी दिलेल्या शब्दाचे काय झाले याचे उत्तर प्रथम द्यावे. कचेरीत संगणक येवो की शाळेत नवा अभ्यासक्रम, माणसे बहुधा नव्याला भीत नाहीत. आपल्याला न विचारता आपले भवितव्य ठरते आहे, याला ती भितात. या भीतीला हट्ट म्हणणे सोपे आहे. पण ती ओळखून तिचे निराकरण करणे, हेच व्यवस्थापकाचे खरे काम होय.