‘म्हणे’ कोण म्हणे?

आमची आजी गावभरच्या बातम्या घरी आणायची आणि प्रत्येक बातमीच्या शेवटी एक छोटासा शब्द जोडायची: म्हणे. ‘नदीपलीकडे वाघ आलाय म्हणे.’ ‘सावकाराच्या घरी धाड पडली म्हणे.’ मी पाहिलेलं नाही, ऐकलंय, तुम्ही काय ते ठरवा, एवढं सगळं ती त्या दोन अक्षरांत सांगून टाकायची. आपल्या फोनवर बातमी येते तोवर हा ‘म्हणे’ वाटेत कुठेतरी गळून पडलेला असतो. एरवी त्यानं फारसं बिघडत नाही. एखाद्या नटाचं लग्न मोडलं की टिकलं, यावरून कुणाचं घर जळत नाही. दहशतवादी हल्ल्याच्या बातमीवरून मात्र जळू शकतं.

आधी माझी चूक सांगतो. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरन पठारावर अतिरेक्यांनी २६ जणांना गोळ्या घातल्या. त्यात सहा जण महाराष्ट्रातले होते. डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे. त्या आठवड्यात मराठी घरांतले फोन खाली ठेवले जात नव्हते. मलाही एक व्हिडिओ आला. काश्मीरच्या हिरवळीवर नाचणारं एक तरुण जोडपं, आणि खाली मजकूर: हल्ल्यात गेलेला नौदलाचा अधिकारी आणि त्याची नवी नवरी, हेच त्यांचे शेवटचे क्षण. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच पाण्यातून मी तो तीन ग्रुपवर पाठवला. व्हिडिओतल्या जोडप्यालाच पुढे येऊन सांगावं लागलं की हे आम्ही आहोत आणि आम्ही जिवंत आहोत. मी ग्रुपवर माफी मागितली. ती किती जणांनी वाचली असेल देव जाणे. व्हिडिओ मात्र सगळ्यांनी पाहिला होता.

म्हणून हे आवाहन. मी पत्रकार नाही आणि तपास यंत्रणांमधलाही नाही. तुमच्यासारखाच फोन हातात घेऊन बसणारा माणूस आहे. चुकल्यावर थोडं वाचलं, थोडं तपासलं, त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, पहिल्या काही तासांची बातमी कच्ची असते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत पहिल्या गोळ्या सुटल्या तेव्हा हे टोळीयुद्ध असावं असंच पुष्कळांना वाटलं होतं. मग ‘डेक्कन मुजाहिदीन’ या कुणी न ऐकलेल्या नावानं जबाबदारी घेणारा ई-मेल आला आणि त्या नावावर तासन्‌तास चर्चा झडल्या. प्रत्यक्षात हल्ला लष्कर-ए-तैयबाचा निघाला. २८ तारखेला सीएसटीवर पुन्हा गोळीबार सुरू झाल्याची आवई उठली, शहर दुसऱ्यांदा हादरलं. तसं काहीच घडलेलं नव्हतं.

जबाबदारी घेणारी पत्रकं तर नेहमीच सावधपणे वाचावीत. पहलगामनंतर ‘द रेझिस्टन्स फ्रंट’नं आधी हल्ला आपला म्हणून सांगितला आणि काही दिवसांतच तो संदेश आमचा नव्हेच, असा पवित्रा घेतला. हल्ला घडवणाऱ्याला प्रसिद्धी हवी असते आणि नको तेव्हा नामानिराळंही राहायचं असतं. त्याच्या पत्रकातून त्याला जगानं काय मानावं असं वाटतं ते कळतं. खरं काय घडलं ते कळेलच असं नाही.

बाहेरच्या जगातही हेच दिसतं. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले. निवडणूक तीन दिवसांवर होती. स्पेनच्या सरकारनं लगोलग बास्क फुटीरांच्या ‘एटा’ संघटनेकडे बोट दाखवलं. स्फोट घडवणारे अल कायदाच्या विचारानं पेटलेले लोक निघाले. २२ जुलै २०११ रोजी ओस्लोत स्फोट झाला तेव्हा उलट घडलं. कित्येक जाणकारांनी इस्लामी संघटनांची नावं घेतली. त्या दिवशी ७७ जणांचा जीव घेणारा माणूस नॉर्वेचाच, कडवा उजवा आणि मुस्लिमद्वेष्टा होता. दोन्ही ठिकाणी पहिलं बोट जिथं वळलं, तिथं ते वळायला आधीपासूनच तयार होतं. पुरावा नंतर आला आणि त्यानं दुसरीच वाट दाखवली.

तेव्हा एक दिवस थांबा. बातमी कमी येतेय म्हणजे कुणी दडवतंय असंही लगेच मानू नका. २६/११ ला ताज आणि ओबेरॉयबाहेरचं थेट प्रक्षेपण पाकिस्तानात बसलेले हल्ल्याचे सूत्रधार पाहत होते आणि फोनवरून आतल्या अतिरेक्यांना सूचना देत होते. हल्लेखोर कसाबच्या खटल्याचा निकाल देताना, २०१२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं वाहिन्यांना त्यावरून खडे बोल सुनावले. पुढे २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल झाला. अतिरेक्यांविरुद्धची कारवाई चालू असताना तिचं थेट प्रक्षेपण करायचं नाही, नेमलेला अधिकारी ठरावीक वेळानं माहिती देईल तेवढीच दाखवायची. अशा वेळी जो यूट्यूबवाला ‘आतली खबर’ देतो, तो एक तर कल्पना लढवत असतो किंवा जवानांचा जीव धोक्यात घालत असतो.

दुसरी गोष्ट, प्रत्येक वाक्याला विचारा: कोण म्हणे? उत्तर बहुधा चारांपैकी एक असतं. नाव आणि हुद्दा असलेला अधिकारी, प्रत्यक्ष पाहणारा माणूस, न्यायालयाचा कागद, किंवा ‘सूत्रं’. पहिल्या तिघांना उद्या जाब विचारता येतो. सूत्रांना कुणी विचारायचं? सूत्रं वापरूच नयेत असं नाही, चांगले बातमीदारही वापरतात. पण अख्खी बातमी सूत्रांवरच उभी असेल आणि मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल, ‘स्फोटामागे अमक्याचा हात?’, तर समजा की संपादकालाही उत्तर ठाऊक नाही आणि वाचक प्रश्नचिन्ह विसरणार हे मात्र त्याला पक्कं ठाऊक आहे.

पोलिसांचं पत्रकही एका पक्षाचं म्हणणं असतं, हे लक्षात असू द्या. त्यात पोलिसांचा अपमान नाही. खटल्यात त्यांचीही बाजूच असते, आणि ती तपासायला न्यायालय असतं. तसंच, वीस संकेतस्थळांवर एकच बातमी दिसली म्हणजे वीस साक्षीदार मिळाले असं नव्हे. बहुतेकदा ती एकाच वृत्तसंस्थेची प्रत असते, वीस जणांनी भाषांतर केलेली. या भाषांतरात सगळ्यात आधी गळतो तो ‘कथित’ किंवा ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ हा तुकडा, कारण मथळ्यात जागा कमी असते. ‘संशयित’ माणूस तिसऱ्या संकेतस्थळावर ‘अतिरेकी’ झालेला असतो.

हे नुसतं शब्दांचं कीस काढणं नाही. मे २०२५ मध्ये सीमेवर तोफा धडाडत होत्या तेव्हा जम्मू-काश्मीरमधल्या पूँछ इथं पाकिस्तानी गोळीबारात एका शिक्षकाचा मृत्यू झाला. काही वाहिन्यांनी त्याचा फोटो दाखवून अतिरेकी मारला गेल्याची बातमी दिली. पूँछ पोलिसांनाच खुलासा करावा लागला की हे खोटं आहे. घरचा कर्ता माणूस शत्रूच्या तोफेनं गेला आणि स्वतःच्या देशाच्या पडद्यावर तोच शत्रू म्हणून दाखवला गेला. त्या बातमीत ‘म्हणे’ राहिला असता तर?

त्याच दिवसांत लढाईची म्हणून फिरलेली काही दृश्यं व्हिडिओ गेममधली होती, काही दुसऱ्याच देशांतली आणि जुनी. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचंही रात्रभर सांगितलं गेलं. सकाळी बंदर जागच्या जागी होतं. चित्र तपासणं अवघड नाही. फोटो असेल तर तो, व्हिडिओ असेल तर त्यातल्या एका क्षणाचा स्क्रीनशॉट घ्या आणि गुगल लेन्सला द्या. तेच दृश्य दोन वर्षांपूर्वी कुठे छापलेलं दिसलं की विषय संपला. पाट्यांवरची लिपी, गाड्यांचे नंबर, अंगावरचे कपडे आणि त्या दिवसाचं हवामान पाहा. काहीच सापडलं नाही म्हणून चित्र खरं ठरत नाही, आता संगणकानं बनवलेलीही चित्रं येतात. पत्र सूचना कार्यालयाचा तथ्य तपासणी विभाग सरकारविषयीचे खोटे दावे उघडे पाडतो, तोही पाहावा. तो सरकारचाच आहे हे ध्यानात ठेवून सोबत एखादी स्वतंत्र तपासणीही वाचावी.

आता निष्पक्षपणाकडे येतो, कारण खरी कसोटी इथं आहे. ‘दहशतवादी’ म्हणावं कुणाला, यावर संयुक्त राष्ट्रांतही आजवर सर्वमान्य व्याख्या झालेली नाही. रॉयटर्ससारखी वृत्तसंस्था हा शब्द शक्यतो स्वतःच्या तोंडी घेत नाही; कुणी वापरला असेल तर त्याच्या नावानं देते. आपल्यापैकी अनेकांना याचा राग येतो, मलाही कधी कधी हा सोवळेपणा वाटतो. निःशस्त्र पर्यटकांना धर्म विचारून गोळ्या घालणाऱ्याला मी तरी दहशतवादीच म्हणणार. पण मग माझ्यावर एक बंधन येतं. शब्द कृत्यावरून ठरला पाहिजे, करणाऱ्याच्या नावावरून नाही. तुम्ही वाचता ते संकेतस्थळ एका धर्माच्या माणसानं बॉम्ब ठेवला तर ‘दहशतवादी’ आणि दुसऱ्या धर्माच्या माणसानं ठेवला तर ‘माथेफिरू’ लिहितं का? एकाची जात-जमात मथळ्यात आणि दुसऱ्याची कुठेच नाही, असं होतं का? दोन बातम्या शेजारी ठेवा, लगेच दिसेल.

आपल्याच राज्यातलं एक माप तुमच्या हाती देतो. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं २००६ च्या लोकल स्फोट खटल्यातल्या सर्व १२ जणांना निर्दोष सोडलं. विशेष न्यायालयानं २०१५ मध्ये त्यांतल्या पाच जणांना फाशी सुनावली होती. बरोबर दहा दिवसांनी, ३१ जुलैला, विशेष एनआयए न्यायालयानं २००८ च्या मालेगाव स्फोट खटल्यातल्या सातही आरोपींना निर्दोष सोडलं. एका खटल्यात आरोपी मुस्लिम, दुसऱ्यात हिंदू. दोन्ही निकालांचा गाभा एकच होता. आरोप संशयापलीकडे सिद्ध करणं सरकार पक्षाला जमलं नाही. लोकल खटल्याच्या निकालाला सर्वोच्च न्यायालयानं तीन दिवसांतच मर्यादित स्थगिती दिली. सुटलेल्यांना तुरुंगात परत जावं लागलं नाही, पण निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, असं सांगितलं.

आता तुमच्या आवडत्या संकेतस्थळाचे या दोन्ही दिवसांचे मथळे काढून बघा. एका निकालाला ‘सत्याचा विजय’ आणि दुसऱ्याला ‘पुराव्याअभावी सुटले’ असं लिहिलं असेल, मग कुठल्याही क्रमानं, तर त्याचा पक्ष तुम्हाला कळला. मथळे पाहून झाले की आपलाच जुना चॅट उघडा. त्या दहा दिवसांत आपण काय लिहिलं होतं? मी उघडला. माझ्या ग्रुपवरचे दोन मित्र पहिल्या निकालावर ‘व्यवस्था विकली गेली’ म्हणत होते आणि दुसऱ्यावर ‘न्याय झाला’. तिसऱ्याचं नेमकं उलट होतं. निकालपत्र तिघांनीही वाचलं नव्हतं. मीही नाही.

मालेगावचाच २००६ चा स्फोटही आठवावा. त्यात नऊ मुस्लिम पुरुषांना अटक झाली तेव्हा त्यांचे फोटो झळकले. पुढे तपासाची दिशाच बदलली आणि २०१६ मध्ये न्यायालयानं त्या खटल्यातून त्यांना आरोपमुक्त केलं. अटकेची बातमी ज्यांनी वाचली, त्यांतल्या कितीजणांपर्यंत दहा वर्षांनंतरची बातमी पोचली असेल? संशयित, आरोपी, दोषी या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये वर्षं जातात. शेवटच्या पायरीची बातमी जे संकेतस्थळ पहिल्या पायरीइतक्याच मोठ्या अक्षरांत देतं, चूक झाली तर ‘दुरुस्ती’ असं लिहून कबूल करतं, बातमीदाराचं नाव आणि वेळ छापतं, त्याला वर्गणी द्या. फुकटची बातमी आपल्या रागावर पोट भरते. त्या रागासाठी तिला रोज नवा शत्रू लागतो.

निष्पक्ष म्हणजे मारणारा आणि मरणारा यांना सारखं तोलणं नव्हे. मेलेल्यांच्या बाजूनं असायलाच हवं. पण त्यांच्या बाजूनं असण्याचा अर्थ खरा गुन्हेगार सापडावा असं वाटणं. चुकीच्या माणसाला पकडून जयघोष झाला, तर खरा कुठेतरी निवांत चहा पीत बसलेला असतो.

एवढं सगळं लक्षात राहणार नाही, हे मला कळतं. म्हणून आजीचा शब्द तेवढा ठेवा. कुठलीही बातमी पुढे ढकलण्याआधी तिच्या शेवटी ‘म्हणे’ लावून मोठ्यानं वाचा. ‘उच्च न्यायालयानं आज बाराही जणांना सोडलं म्हणे.’ इथं शब्द अडखळतो, कारण निकाल कागदावर आहे, कुणीही पाहू शकतो. ‘स्टेशनमागच्या वस्तीत पाच अतिरेकी लपलेत म्हणे.’ इथं तो चपखल बसतो. जिथं चपखल बसेल, तिथं बोट आवरा. त्या वस्तीत खरंच काही दिसलं असेल तर ११२ ला फोन करा. ग्रुपवर टाकू नका.