पाठीवरचे ओझे

डोंगर चढावयाचा म्हटले की पुष्कळांच्या मनात प्रथम खर्चाचा विचार येतो. उंची बूट, परदेशी बनावटीची पाठपिशवी, हलका तंबू यांवाचून भ्रमंती होऊच शकत नाही, अशी समजूत अलीकडे बळावली आहे. ही समजूत चुकीची तर आहेच. परंतु ज्या मुलाच्या घरी पैसा बेताचा, त्याच्यापासून ती डोंगरच हिरावून घेते, म्हणून ती घातकही आहे.

अमेरिकेतील ओहायो राज्यात एमा गेटवुड नावाची एक शेतकरी स्त्री होऊन गेली. तिने अकरा मुले वाढवली होती. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, अपॅलेशियन पर्वतातील सुमारे ३,३०० किलोमीटर लांबीची वाट तिने एकटीने, एकाच हंगामात पायी पार केली. तसे करणारी ती पहिली स्त्री होय. तिच्या पायांत साधे कापडी बूट होते. खांद्यावर स्वतः शिवलेली जाड्याभरड्या कापडाची थैली होती. तंबू नव्हताच. पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा आणि थंडीसाठी एक कांबळे, एवढ्यावर तिने १४६ दिवस काढले. १९५७ साली तीच वाट तिने पुन्हा चालून दाखवली.

यावरून, साधने स्वस्त असली म्हणजे तयारीही तोकडी चालते, असे मात्र कोणी समजू नये. १९५४ साली हीच स्त्री याच वाटेवर रस्ता चुकली, तिचा चष्मा फुटला आणि तिला घरी परतावे लागले. महागड्या तंबूने तिला वाट सापडली नसती. काटकसर निराळी आणि निष्काळजीपणा निराळा.

सह्याद्रीतील राजगड किंवा तोरणा चढणाऱ्या मुलांनीही हा भेद ध्यानी धरावा. शाळेचे दप्तर पाठपिशवीचे काम करील, जुनी चादर अंथरुणाचे. शिदोरीस भाकरी, चटणी आणि गूळ पुरे. परंतु पुरेसे पाणी, विजेरी आणि वाटेचा माहीतगार सोबती यांत कसूर करू नये. बूट स्वस्त असले तरी चालतील, पण त्यांचे तळवे झिजलेले नसावेत; पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते आणि तेथे गुळगुळीत तळवा दगा देतो.

उंची वस्तू वाईट नव्हेत. ज्यास परवडतात त्याने त्या खुशाल घ्याव्यात. मात्र त्या नसल्याची लाज कोणी बाळगू नये आणि ज्याच्यापाशी त्या आहेत, त्याने सोबत्याच्या ठिगळ लावलेल्या थैलीस हसू नये. गडाची चढण दोघांनाही आपल्याच पायांनी चढावी लागते.