लोणारची उचंत नोंद

शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला मालवणहून गेलेली एक-दोन कुटुंबे यंदा यात्रेला जोडून लोणारचे सरोवरही पाहून आली. त्यांपैकी शेजारच्या वहिनींनी परवा मला विचारले, "भाऊजी, तो खड्डा ज्वालामुखीचा, की वरून काही पडून झालेला? वाटाड्या एक सांगत होता आणि आमच्या ह्यांचे म्हणणे वेगळेच."

प्रश्न वर्मी लागला. तरुणपणी बँकेच्या नोकरीनिमित्त बुलढाण्याकडे असताना लोणारच्या काठावर मी उभा राहिलो होतो. पुढे मुलीच्या शाळेच्या वहीत 'मृत ज्वालामुखीचे मुख' असे स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहूनही दिले. त्या वेळी खरे उत्तर छापून येऊन बरीच वर्षे लोटली होती. बँकेत आयुष्यभर इतरांच्या नोंदी तपासणाऱ्याने आपली नोंद मात्र तपासली नाही.

विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठापासून तळ सुमारे दीडशे मीटर खोल. शास्त्रज्ञांच्या आधी त्याची दखल व्यापाराने घेतली. काच व साबण यांसाठी लागणारा माल इथे मिळतो, असा उल्लेख अबुल फझलच्या 'ऐन-ए-अकबरी'त आहे. लोणासुराची कथा आणि दैत्यसूदनाचे मंदिर तर सर्वश्रुतच आहे. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली सरोवराची माहिती नोंदवली.

त्या काळी लघुग्रहांच्या खात्यात किती नावे होती? अवघी चार! १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मो येथे पियाझ्झीला सेरेस दिसला. काही आठवड्यांत तो सूर्याच्या तेजात दिसेनासा झाला. मोजक्या निरीक्षणांवरून गाउसने त्याचा मार्ग गणिताने काढला आणि वर्ष संपता संपता तो पुन्हा सापडला. गणिताची अशी जमाखर्चासारखी पडताळणी मला नेहमीच भुरळ घालते. मग पॅलास, जूनो आणि १८०७ मध्ये वेस्टा. पाचव्याची वाट १८४५ पर्यंत पाहावी लागली. सारे मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरणारे. मंगळाच्या कक्षेच्या आत, पृथ्वीच्या जवळपास येणारा इरॉस १८९८ साली सापडला. तोपर्यंत यांतला एखादा आपल्या अंगणात पडला असेल, ही शंका तरी कोणाला यावी?

(सूर्यप्रज्ञप्तीतील अठ्ठ्याऐंशी महाग्रहांमध्ये हे धरायचे का, असे काही वाचक विचारतात. लघुग्रहांची मोजदाद आज दहा लाखांच्या पुढे गेली आहे. दोन्ही वह्या वेगळ्या आहेत. एकीची बाकी दुसरीत ओढू नये, असे माझे मत.)

१८९६ मध्ये गिल्बर्ट या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने अ‍ॅरिझोनातील विवराशी लोणारचे साम्य हेरले. मात्र अ‍ॅरिझोनाचे विवर वाफेच्या स्फोटाने झाले, असा निष्कर्ष त्याने काढला. साम्य बरोबर, कारण चूक. दख्खनच्या काळ्या पाषाणात खड्डा म्हणजे ज्वालामुखीच, हा समज इतका सोयीचा होता की तो हलला नाही. वास्तविक दख्खनचे लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंडावले. विवर त्या मानाने अगदी कोवळे आहे.

चंद्रावरून बेसाल्टचे दगड आले, तेव्हा बेसाल्टमध्येच झालेल्या या विवराचे महत्त्व वाढले. फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् या भारतीय-अमेरिकी चमूने सरोवराच्या तळाशी छिद्रे पाडून नमुने काढले. त्यांत मॅस्केलिनाइट सापडले. फेल्डस्पार या खनिजावर हवेच्या दाबाच्या काही लाख पट दाब क्षणात आला, तर त्याची स्फटिकरचना मोडते आणि ते न वितळताच काचेसारखे होते. तेच हे मॅस्केलिनाइट. असा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही; तो अवकाशातून येणाऱ्या पाषाणाच्या आघातानेच संभवतो. १९७३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

वाचकहो, लोणारला गेलात तर केवळ पाण्याचा रंग पाहून परतू नका. काठावरचे पाषाणाचे थर निरखा. ते मुळात आडवे, पण इथे बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात. धक्का आतून बाहेर बसल्याची ती खूण.

मात्र सारा हिशेब जुळलेला नाही. विवराचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार. दहापटीहून अधिक फरक! बँकेत आम्ही अशी रक्कम उचंत खाती ठेवत असू, आणि ते खाते फार काळ उघडे राहिले की तपासनीस खडसावत असे. शास्त्रात ते उघडे ठेवणे हाच प्रामाणिकपणा.

असा पाषाण पुन्हा आला तर? २६ सप्टेंबर २०२२ रोजी 'डार्ट' यान सुमारे १६० मीटरच्या डायमॉर्फसवर मुद्दाम आदळवण्यात आले. डायमॉर्फस आपल्या मोठ्या सोबत्याभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत असे. ती फेरी सुमारे अर्ध्या तासाने घटली. लघुग्रहाची वाट माणसाने बदलल्याची ही पहिली नोंद. त्यानंतर वर्षभराने बेन्नू या लघुग्रहावरची माती पृथ्वीवर पोहोचली.

वहिनींना एवढे सांगून घरी आलो आणि माळ्यावरची ट्रंक उघडली. मुलीची वही सापडली. 'मृत ज्वालामुखीचे मुख' ही ओळ खोडली, वर 'आघाती विवर' असे लिहिले, समासात आजची तारीख घातली. वयाची जागा कोरी ठेवली आहे.