लाकडे कोणी आणावी?

गेल्या दिवाळीच्या सुटीत जुन्नरास आमच्या घरी माझा पुतण्या व त्याचे तीन सोबती संगणकावर ‘डोन्ट स्टार्व्ह टुगेदर’ हा खेळ खेळत होते. कॅनडातील क्लेई कंपनीने तो २०१६ साली पूर्ण स्वरूपात काढिला. ओसाड प्रदेशात सोडलेल्या गड्यांनी भूक, थंडी व अंधार यांतून मिळून जगावयाचे. रात्री जवळ उजेड नसेल तर अंधारच मनुष्यास मारितो. आरंभी प्रत्येकाने आपले पात्र निवडावयाचे असते.

मौज अशी की तिघांनीही विगफ्रिड ही भालाईत वीरांगनाच घेतली. एकच पात्र अनेकांनी घेण्यास मनाई नसल्यामुळे तंटा झाला नाही. पण ही बाई मांसावाचून काही खात नाही, याचा विचार कोणी केला नाही. चौथ्या, वयाने लहान मुलास आज्ञा झाली, “तू ती म्हातारी घे आणि लाकडे जमव.” म्हातारी म्हणजे विकरबॉटम, ग्रंथपाल, विद्येने थोर, परंतु तिला झोप म्हणून येत नाही.

वीस दिवसांनी शरद सरून हिवाळा लागतो, हे त्या लहानग्याने मोजून ठेविले होते. त्याने दोनदा सांगितलेही. वीरांगना शिकारीत दंग होत्या. पुढे लाकडांकरिता एकटाच दूर गेला असता अंधाराने त्यास गाठले. या खेळात मेलेला गडी भूत होऊन वावरतो व त्यामुळे जिवंतांचे चित्त ढळू लागते. तिघांनी दोष दिला तो त्यालाच: “एवढेही जमले नाही!”

मला त्या वाक्याचा राग आला आणि लगेच लाजही वाटली. कारण आमच्या सहलींच्या याद्या मीच करितो. त्यांत दोर घेऊन पुढे जाणारे तेच व पाणी वाहणारेही तेच. जो कुरकुर करीत नाही त्यास आपण मागले काम देतो आणि मग त्याचा स्वभावच तसा, असे म्हणतो.

ज्याचा हात चालतो त्याने भाला खुशाल घ्यावा. परंतु आधी गरजा मोजाव्या, मग माणसे. आणि लाकडे आणणाऱ्याचा शब्द मसलतीत ऐकावा. आपल्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला व दीडशेवर माणसे दगावली. ती वार्ता प्रथम बाहेर पोहोचली ती एका एस. टी. चालकामुळे. नित्याच्या फेरीस गेला असता गाव जागेवर नाही, हे त्याने पाहिले व कळविले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान त्यानंतर आले. चालकाचे काम गाडी हाकण्याचे खरे. पण तो रस्ता त्याच्या ओळखीचा होता.

फेब्रुवारीत नववीची सहल जीवधनास जावयाची आहे. या वेळी पाणी, शिधा, औषधांची पेटी व मागे राहून शेवटच्यास आणणारा, ही कामे मी प्रथम लिहिली असून नावांच्या जागा मोकळ्या ठेविल्या आहेत. मुलांनी आपसांत बोलून त्या भराव्या. पालकांनी मात्र घरून चिठ्ठी पाठवू नये. गेल्या वर्षी अशा सात चिठ्ठ्या आल्या, आणि सातही पुढे चालण्यासाठीच होत्या.