तुंबलेली न्हाणी

दिवाळीच्या अभ्यंगस्नानानंतर पुष्कळ घरांतून एक तक्रार ठरलेली असते : न्हाणींतलें पाणी सरकत नाहीं. घरांत दहा-बारा माणसें, प्रत्येकाच्या अंगाला तेल, वर उटणें. मग मोरीच्या तोंडाशीं तळें साचलें तर नवल तें काय? अशा वेळीं दोष बहुधा लांब केंसांच्या सुनांच्या माथीं मारला जातो. हा न्याय आम्हांस एकांगी वाटतो. नुसती गुंतवळ सैल असते, तिच्यांतून पाणी वाट काढतें. ती घट्ट होते साबणाच्या साक्यानें, आणि साबण तर पुरुषमंडळीही लावतात. विहिरीच्या जड पाण्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. साबणाशीं त्यांचा संयोग झाला कीं न विरघळणारा चिकट साका तयार होतो. त्यांत खोबरेल मिसळलें म्हणजे पाहावयासच नको. तें सुमारें २४ अंश सेल्सिअसच्या खालीं थिजतें; थंडींत फडताळांतल्या बाटलींत जसें, तसेंच नळींतही.

उपायाचा आरंभ जाळी काढण्यापासून. तिच्याखालीं जें पात्र असतें त्याला देशभरचे नळकारागीर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपली न्हाणी त्या नांवांत सहज ओळखूं येते. त्यांत सुमारें ५० मिलिमीटर पाणी नेहमीं उभें राहून गटाराची दुर्गंधी अडवितें. हीच युक्ति अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनें १७७५ सालीं आपल्या शौचकूपाच्या वांकड्या नळींत योजिली होती. असो. ट्रॅपावरील उपडी वाटी उचलून, रबरी हातमोजा घालून गुंतवळ बाहेर ओढावी. खोल गेली असल्यास टोंक वांकविलेली तार वापरावी. काठीनें आंत मात्र ढकलूं नये. मग रबरी पंप मारावा. टब असेल तर त्याच्या वरच्या अंगाचें भोंक ओल्या फडक्यानें बुजवावें, नाहीं तर सारा दाब तेथूनच निसटतो. शेवटीं बादलीभर कढत पाणी. उकळतें नव्हे, कारण पी.व्ही.सी.ची नळी त्यानें नरम पडते.

खाण्याचा सोडा व व्हिनेगर एकत्र ओतण्याची चाल हल्लीं बोकाळली आहे. फेस मनोहर येतो. परंतु आम्ल आणि अल्क एकमेकांस मारून बसतात, गुंतवळ होती तेथेंच राहते. कॉस्टिक सोड्यानें केंस खरोखर विरघळतात, पण जो पदार्थ केंस विरघळवितो तो डोळ्याचीही गय करीत नाहीं. लहान मुलें असलेल्या घरांत तो नसावा हें बरें.

याहून घातक प्रकार म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकलेल्या मोरींत ॲसिड ओतणें. त्यांतून क्लोरीन वायु सुटतो. १९१५ सालीं ईप्र येथें सैनिकांवर सोडला तो हाच. दार लावलेल्या न्हाणींत तो जिवावर बेततो. एकत्र कुटुंबांत हें भय अधिक. सकाळीं थोरल्या जावेनें पावडर टाकावी, दुपारीं धाकट्या दिरानें कोणास न विचारतां ॲसिडाची बाटली उपडी करावी! तेव्हां घरांत दोहोंपैकीं एकच वस्तु ठेवावी, आणि ती ॲसिड नसावी. त्यानें केंस विरघळत नाहींत, फरशीच्या सांध्यांतलें सिमेंट मात्र खाल्लें जातें.

घरांतल्या सर्वच मोऱ्या एकदम तुंबल्या तर दोष बाहेरच्या चेंबरांत समजावा. तेथें यंत्र मागवावें. मैलाटाकींत किंवा गटारांत संरक्षक साधनांवांचून माणूस उतरविणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी तें करूं नये.

स्नानापूर्वीं केंस विंचरून गुंतवळ केराच्या डब्यांत टाकावी. उटण्याचा जाड थर अंगावरून आधीं कोरडाच पुसून घ्यावा. जाळी रोज उचलून साफ करण्याचें काम मोलकरणीवर न टाकतां, जो शेवटीं स्नान करील त्यानें करावें. वडील मंडळींची पाळी सहसा पहिली असल्यामुळें ते यांतून सुटतील; त्यांनीं आठवड्याची कढत पाण्याची बादली आपल्याकडे घ्यावी.