खुरपें आणि तांबडी शाई

फाल्गुन महिना सरत आला कीं भाषेच्या शिक्षकास दोन कामें एकदमच येऊन भिडतात. शाळेमागील बागेस दोन वेळां पाणी घालावें लागतें, आणि परीक्षेपूर्वींच्या निबंधांच्या वह्या तपासून द्याव्या लागतात. गेलीं कित्येक वर्षें माझा वसंत ऋतु ह्या दोन कामांतच जातो. सकाळीं प्रार्थनेची घंटा होण्यापूर्वीं हातांत खुरपें असतें. घंटा झाल्यावर तांबड्या शाईची लेखणी येते. हीं दोन कामें एकमेकांपासून फार दूरचीं आहेत, असें मीही पुष्कळ दिवस समजत होतों. पहिल्यावांचून दुसरें नीट होत नाहीं, असें माझें आतां मत झालें आहे. तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हें मत बनण्यास जी गोष्ट कारण झाली, ती मला भूषणावह नाहीं. तथापि ती सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. एका वर्षीं मीं वर्गास 'वसंत ऋतु' हा विषय दिला. चाळीस वह्या आल्या. एक वही सोडली तर साऱ्यांत मंद सुगंधी वारा वाहत होता, सृष्टिदेवीनें हिरवा शालू परिधान केला होता, झरे खळखळत होते, आणि आम्रवृक्षावर बसून कोकिळा पंचम स्वरांत गात होती. वास्तविक आमच्या देशावर या दिवसांत विहिरींचा तळ दिसूं लागतो, माळावरचें गवत वाळून पिवळें पडतें, आणि उन्हाचा ताव असा वाढतो कीं दुपारीं गुरेंही सावली सोडीत नाहींत. झरे कोठून खळखळणार! वह्यांवरून मान वर करून मीं खिडकीबाहेर पाहिलें असतें, तर हें माझ्या ध्यानांत आलें असतें. परंतु मीं मान वर केली नाहीं. शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या व गुण दिले.

राहिलेल्या एका वहींत निराळाच मजकूर होता. अंगणांतील कडुलिंबाचीं पानें गळूं लागल्यामुळें आईस दिवसांतून तीन वेळां झाडावें लागतें. आड आटल्यामुळें ती पाण्यासाठीं लांब जाते, म्हणून एक वेळचें झाडणें आपल्याकडे आलें आहे. झाडतां झाडतां वर पाहिलें तों उघड्या फांद्यांवर तांबूस पालवी दिसली. ओढ्याकाठच्या पळसास एकही पान नाहीं, पण फुलें इतकीं आहेत कीं दुरून झाड पेटल्यासारखें वाटतें. एवढेंच त्या मुलानें लिहिलें होतें. वाक्यें आंखूड होतीं, अलंकार नव्हते. मीं समासांत तांबड्या शाईनें शेरा मारला, 'विषय सोडून लिहिलें आहे', आणि दहांपैकीं तीन गुण दिले.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तोच मुलगा वाफ्यांस पाणी घालण्यास माझ्या मदतीला आला. इतक्यांत लिंबावरून कुहूकुहू ऐकूं आलें. मीं सहज म्हटलें, "पाहा, कोकिळा कशी गाते आहे!" तो चांचरत म्हणाला, "गुरुजी, ती कोकिळा नाहीं. कोकिळा तपकिरी असते, अंगावर पांढरे ठिपके असतात. ती नुसती किक्-किक् करते. हा काळा, तांबड्या डोळ्यांचा आहे ना, तो नर. गातो तो हाच." मीं झाडाखालीं जाऊन नीट पाहिलें. मुलाचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. वीस वर्षें मी लिंग, वचन व विभक्ति शिकवीत आलों, आणि माझ्या डोक्यावर बसून गाणाऱ्या पक्ष्याचें लिंग मला ठाऊक नव्हतें! वह्यांतून मीं जितक्या 'कोकिळा' बरोबर म्हणून सोडल्या होत्या, तितक्या साऱ्या चुकल्या होत्या. मुलानें आपल्या तीन गुणांविषयीं एक शब्दही काढला नाहीं. त्यामुळें तर मी अधिकच खजील झालों.

हा दोष मुलांचा नव्हे. तयार निबंधांचीं पुस्तकें आम्ही त्यांच्या हातीं देतों, तीं पाठ म्हटल्यास शाबासकी देतों, आणि मग त्यांच्या लिहिण्यांत जीव नाहीं अशी तक्रार करितों. न पाहिलेल्या वस्तूविषयीं सुंदर शब्द लिहिण्याची संवय एकदां जडली, म्हणजे ती निबंधापुरती राहत नाहीं. जें वाटत नाहीं तें बोलावें, जें पाहिलें नाहीं तें पाहिलें म्हणून सांगावें, हें मूल नकळत शिकतें. म्हणून पाठ केलेल्या निबंधाचा प्रश्न मला केवळ गुणांचा वाटत नाहीं. तो सत्याचा आहे.

याउलट बागेंत शब्द वस्तूसह येतो. वर्गांत 'फूल' हा एकच शब्द सर्वत्र चालतो. बाहेर आंब्यास मोहोर येतो, उंसास तुरा येतो, ज्वारीस कणीस येतें, केळीस केळफूल येतें. झाडाभोंवतीं आळें करावें लागतें, भाजीस वाफा लागतो, वाफ्यापर्यंत पाणी नेण्यास पाट लागतो. 'ताण' हा शब्द मुलांस माहीत असतो. परंतु माळी डाळिंबाचें पाणी कांहीं दिवस तोडून त्यास ताण देतो आणि मग बहार धरतो, हें ज्यानें पाहिलें त्यास त्या शब्दाचा अर्थ कोशांत शोधावा लागत नाहीं.

कांहीं सुज्ञ गृहस्थ विचारतात कीं, भाषा शिकविणारानें मातींत हात कशाला घालावे? त्यांना मी विल्यम केरी यांचें चरित्र वाचण्यास सांगतों. इंग्लंडांत जोडे शिवण्याचा धंदा केलेले हे गृहस्थ १७९३ सालीं बंगाल्यांत आले. १८०१ पासून त्यांनीं कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत बंगालीचें, व पुढें संस्कृत आणि मराठी या भाषांचेंही अध्यापन केलें. त्यांचें मराठी भाषेचें व्याकरण १८०५ सालीं व मराठी कोश १८१० सालीं बंगाल्यांतील श्रीरामपूर येथें छापला गेला. त्याच श्रीरामपुरास त्यांची मोठी बाग होती. इंग्लंडहून आलेल्या बियांची पिशवी रिकामी झाल्यावर तींतील माती त्यांनीं सावलींत झाडली, आणि तेथें मायदेशच्या कुरणांतील डेझीचें इवलेंसें रोप उगवलेलें पाहून त्यांना परमावधीचा आनंद झाला. १८२० सालीं त्यांच्याच पुढाकारानें कलकत्त्यास कृषि व उद्यानविद्येची संस्था स्थापन झाली. १८२३ च्या महापुरांत त्यांची बाग उद्ध्वस्त झाली, तेव्हां त्यांनीं ती पुन्हां लाविली. आपल्या सह्याद्रींत कुंभा नांवाचा वृक्ष आहे. वसंतांत त्यास पांढऱ्या पाकळ्यांचीं, मध्यें गुलाबी केसरांचा झुबका असलेलीं फुलें येतात. त्याचें शास्त्रीय नांव वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनीं केरींच्या नांवावरून 'केरिया' असें ठेविलें. ज्या हातानें आपल्या भाषेचा कोश रचला, त्याच हातानें रोपें लाविलीं. एका कामानें दुसऱ्यास कमीपणा आला नाहीं.

आतां शिक्षकांनीं काय करावें? आठवड्यांतून निबंधाचा एक तास तरी झाडाखालीं घ्यावा. मुलांस मोठा विषय देऊं नये. 'आज पाहिलेल्या तीन गोष्टी लिहा' एवढेंच सांगावें. तांबडी शाईही खुरप्याप्रमाणें जपून वापरावी. मुळींच खुरपलें नाहीं तर तण माजतें हें खरें. पण कोवळ्या रोपाशीं फार खोल खुरपलें तर तणाबरोबर रोपाचींही मुळें तुटतात. एका वेळीं एकदोन प्रकारच्या चुका दाखवाव्या, बाकीच्या पुढील खेपेस.

पालकांस माझी विनंति आहे कीं, त्यांनीं तयार निबंधांचीं पुस्तकें मुलांस आणून देऊं नयेत. मूल मातीचे हात घेऊन घरीं आलें तर रागें भरण्यापूर्वीं 'आज काय पाहिलेंस?' असें विचारावें. 'अशानें परीक्षेंत गुण कमी पडले तर?' ही त्यांची भीति मी जाणतों, आणि गुण वाढतीलच असें वचन मला देतां येत नाहीं. माझ्यासारखा परीक्षक भेटला तर तीनच गुण पडतील. परंतु पाठ केलेला निबंध परीक्षेबरोबर संपतो. स्वतः पाहून लिहिण्याची शक्ति जन्मभर पुरते.

त्या मुलाची वही मीं परत मागून घेतली. माझा शेरा खोडला, गुण बदलले, आणि खालीं लिहिलें, 'परीक्षकाची चूक.' त्यानंतर बागेंत एक जाड वही ठेविली आहे. उन्हाळ्याच्या सुटींत जवळपास राहणारीं मुलें पाळीपाळीनें झाडांस पाणी घालतात, आणि त्या दिवशीं जें दिसलें तें तींत लिहून ठेवतात. त्या वहींतील एक नोंद अशी आहे: 'आज विहिरीचें पाणी पुरलें नाहीं. वांग्यांचीं दोन रोपें वाळलीं. मोगऱ्यास अकरा कळ्या.' यांत शालू नाहीं कीं पंचम स्वर नाहीं. पण मुलगा तेथें उभा होता, आणि त्यानें अकरा कळ्या मोजल्या होत्या. पालकांनीं सवडीनें बागेंत यावें व ती वही अवश्य चाळून पाहावी.